आलस्यासुराचं एक वाक्य

आमची मिल बंद पडल्यावर तिच्या लोकांनी एक राक्षस बनवला, आणि त्या राक्षसाच्या तोंडचं वाक्य माझं होतं. माझं म्हणजे मी लिहिलेलं. ते मूळचं कुणाचं, हे त्या वेळी दोन-तीनच माणसांना कळलं होतं. निदान मी तसं समजत होते.

इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीला गणपती एकटा जात नाही. त्याच्यामागे मिलांच्या झांक्या निघतात. ट्रॉलीवर रंगीत दिव्यांची नक्षी, आणि त्यात माणसाच्या दुप्पट उंचीचे पुतळे. हे पुतळे हलतात, हीच त्यातली गंमत. कुणी मान वळवतो, कुणी तलवार उचलतो, एखादी देवी डोळे उघडते आणि गर्दीतल्या बायका हात जोडतात. हे सगळं मिलचे फिटर आणि सुतार जुन्या मोटरी, सायकलच्या चेनी आणि खूपशा शिव्या वापरून जमवत. देपालपूरकडून, गौतमपुऱ्याकडून लोक ट्रॅक्टरमध्ये दाटीवाटीनं बसून बघायला येत. मिल बंद झाली, भोंगा बंद झाला, पण झांकी चालू राहिली. बाहेरच्यांना याचं फार कौतुक वाटतं. आम्हाला त्यात कौतुकाचं काही दिसत नव्हतं. झांकी निघाली नसती, तर मिल खरोखरच बंद पडली असती. आणि तेवढं मान्य करायची तयारी आमच्या वस्तीत कुणाचीच नव्हती.

बाबा त्या मिलमध्ये हजेरीबाबू होते. फाटकाला लागून त्यांची खिडकी होती आणि तिच्यासमोरून रोज सगळी मिल आत जायची. कोण वेळेवर आला, कोण दोन मिनिटं उशिरा, कुणाचा अर्धा दिवस गेला, हे ते ठरवत. वस्तीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा 'हजेरीबाबू, सहकुटुंब' असं लिहून यायचं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, बाबांच्या हट्टापायी मला तिथे घातलेलं. तिथे फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की मी 'सर्व्हिस' असं लिहून हाताने झाकत असे. मिल बंद झाल्यावर मी कॉलेजात गेले, तिथेही फॉर्म होता, तिथेही मी 'सर्व्हिस'च लिहिलं. झाकायचं तसंच झाकलं. मी मुळात कमी बोलणारी. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि तिन्हीत गप्प. गप्प माणसाला एक फायदा असतो, लोक त्याच्यासमोर खूप काही करतात.

बाबा सकाळी पहिल्या भोंग्याच्या वेळेला उठत, अंघोळ करून, शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसत. मनगटावर घड्याळ. दूधवाला आला की, "आज सात मिनट लेट हो भिया." दूधवाला आधी हसायचा, मग वेळेवर यायला लागला. आई पोहे करायची, वर शेव आणि जिरावणाचा मसाला, आणि बाबा बशी हातात घेताना पुन्हा एकदा घड्याळ बघत. दुपारी मात्र ते झोपत. उभ्या जन्मात ते कधी दुपारी झोपले नव्हते, त्यामुळे त्यांना ते नीट जमायचं नाही. आई पुढच्या खोलीत पहिली-दुसरीच्या मुलांची शिकवणी घ्यायची. मुलं सतराच्या पाढ्यात अडखळली की आतल्या खोलीत बाबा दचकून जागे होत. आधी मान उचलली जायची. मग हात उशीखाली, चष्मा शोधत. मग एक पाय खाली, चप्पल चाचपत. एका पायात चप्पल घालून, दुसरा पाय तसाच हवेत ठेवून ते विचारत, "भोंगा झाला का?" स्वयंपाकघरातून किंवा पाढ्यांच्या मधूनच आई म्हणायची, "नाही झाला, झोपा." आणि ते पुन्हा आडवे होत. हे रोज होई. मला त्यात दुःख दिसत नव्हतं, हे आज प्रामाणिकपणे सांगते. मला ते पाठ झालं होतं, एवढंच.

त्या वर्षी झांकीला मिलचा पैसा नव्हता, म्हणून एका चहावाल्या शेठचा आला. पुडीतला चहा, पिवळी पुडी, वर हत्तीचं चित्र. शेठनं आपला भाचा समितीत पाठवला. त्याला सगळे बंटी भिया म्हणत. तो मुंबईला जाहिरातीचा सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता आणि बसतानासुद्धा 'कॉन्सेप्ट' म्हणत बसायचा. समितीचे अध्यक्ष दिघेकाका. ते मिलचे हेडक्लार्क होते आणि त्यांना संदेश हवा होता, कारण बक्षीस देणाऱ्या परीक्षकांच्या कागदावर 'सामाजिक संदेश' या रकान्याला सगळ्यात जास्त गुण होते. तिसरे मुन्नालालजी फिटर. पुतळे हलवण्याचं काम त्यांचं. मिलच्या कॅंटीनच्या रिकाम्या शेडमध्ये बैठक होई. मला तिथे बोलावलं गेलं ते लिहायला. झांकीबरोबर माइकवर निवेदन लागतं, आणि ते हिंदीत लागतं. दिघेकाकांचं म्हणणं, जिला इंग्रजी येतं तिला हिंदी काय, मागाल ती भाषा लिहिता येईल.

"संदेश असा," दिघेकाका म्हणाले, "आलस त्यागो, आगे बढ़ो. सध्या देशात तेच चाललंय."

"अंकल, ये तो मैसेज हुआ. कॉन्सेप्ट क्या है?" बंटी भियानं विचारलं.

"कॉन्सेप्ट हाच, की आळस सोडा."

"वोई तो मैसेज है ना भिया! कॉन्सेप्ट मतलब आइडिया, हट के. एक राक्षस है, सो रहा है. आलस्यासुर. कोई उठा नहीं पा रहा. ढोल बजाओ, नहीं उठता. फिर चार लड़कियाँ बड़ी-सी केतली लेके आती हैं. चाय! और राक्षस उठके गणपतिजी को नमस्कार करता है."

"केतली पिवळी?" दिघेकाकांनी विचारलं.

"पीली तो होगी ही. पैसा मामाजी का है."

मुन्नालालजी इतका वेळ विझवलेली बिडी कानावर ठेवून बसले होते. "आप दोनों का हो गया तो मेरे को एक बात बता दो. हाथ कौन-सा हिलाना है?"

त्या शेडमध्ये बसलेल्या पंधरा-वीस माणसांपैकी एकानंही काम आळसामुळे गमावलं नव्हतं. फाटकाला एक दिवस कुलूप दिसलं, इतकंच त्यांचं चुकलं होतं. आणि तीच माणसं बांबू आणि गोणपाटानं स्वतःच्या हातांनी आळसाचा राक्षस बांधायला निघाली होती, वर आपण आगे बढ़ो असं लिहिणार होती. कुणाला यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. मी वहीत 'आलस्यासुर' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पुढे माझं पोट लिहिण्यावरच चाललं, मालिकांसाठी आणि आता मोबाइलवर बघायच्या कथांसाठी. काचेच्या खोलीत, पांढऱ्या फळ्यासमोर, माझ्या मुलीच्या वयाची माणसं मला विचारतात, मॅम, यातून लोकांनी घरी काय न्यायचं? कॉन्सेप्ट एका ओळीत सांगा ना. मी सांगते, पैसे घेते. पण हात कोणता हलवायचा, हे मला मुन्नालालजींनंतर कुणी विचारलेलं नाही.

पहिला मसुदा मी दोन दिवस खपून लिहिला. 'हे मानव! मैं आलस्य हूँ, मैं तेरे भीतर का अंधकार हूँ,' असा सुरू होणारा. दिघेकाकांनी वाचून डोळे पुसले. बंटी भियानं त्यात चहाचं नाव चार वेळा घातलं. मुन्नालालजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बिटिया, अच्छा है. पर ये बोल कौन रिया है?"

"राक्षस," मी म्हणाले. बैठकीत मी उच्चारलेला तो पहिलाच शब्द.

"राक्षस ऐसा बोलता तो कोई उसको मारता थोड़ी, किसी स्कूल में हेडमास्टर लगा देते." शेड हसली. मग ते माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "देख, मेरे पास तीन मोटर बची हैं. तीन हरकत दूँगा, चौथी माँगना मत. ये सोके उठता है तो पहले क्या करता है? क्या टटोलता है? तू बता दे, मैं लगा दूँ."

कुणीतरी माझ्याकडे काम म्हणून काहीतरी मागत होतं, आणि मला त्याचं उत्तर येत होतं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीला हे काय असतं ते कळेल. मी तिथल्या तिथे बोलून गेले. पहिली मोटर मान. दुसरी हात, उशीखाली, चष्मा शोधायला. तिसरी पाय, चप्पल चाचपायला. आणि मग तो विचारतो, 'भोंगा हो गया क्या?'

मुन्नालालजींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांचं घर आमच्यामागेच, भिंत एकच. "ठीक है," ते म्हणाले, आणि मोजमाप घ्यायला उठले. चार दिवसांत सायकलच्या दोन रिमांचा चष्मा तयार झाला आणि टायर कापून चप्पल. राक्षसाला शिंगं होती, सुळे होते, आणि त्यावर तो चष्मा. बंटी भिया खूश झाला. "अब कैरेक्टर आया! अब दिखेगी चाय की पॉवर."

घोटाळा झाला तो आवाजाचा. राक्षसाला आवाज कुणाचा? दिघेकाका म्हणाले, यात विचार काय करायचा, फाटकावर जन्मभर नावं पुकारलेला माणूस गावात एकच आहे. ते संध्याकाळी घरी आले. मी आत मक्याची कणसं सोलत बसले होते, आई कीस करायला किसत होती. बाहेर बाबांचा आवाज आला, "माझा आवाज? चालेल का? सवय राहिली नाही." पण त्या आवाजात मला कितीतरी दिवसांनी फाटकावरची ती खिडकी ऐकू आली. दिघेकाका गेल्यावर बाबांनी कपाटातून पांढरा शर्ट काढला, तो बिनसुरकुतीचाच होता, तरी पुन्हा इस्त्रीला दिला.

रात्रीपर्यंत थांबणं मला जमलं नाही. किसणीच्या आवाजाआड मी आईला सगळं सांगितलं आणि वही दाखवली. आईनं हात पुसले, वाचलं, आणि पुन्हा कणीस हातात घेतलं.

"म्हणजे हे ते सगळ्या गावासमोर म्हणणार. स्वतः."

"मुन्नालालजींनी विचारलं ना, उठल्यावर काय करतो म्हणून."

"आणि तुला जगात दुसरा कुणी उठताना दिसलाच नाही?"

"मी सांगू का बाबांना?"

"आता काय सांगणार? मोटर लागली." थोडा वेळ ती किसत राहिली. मक्याचं दूध परातीत पडत होतं. "एवढं एक राहिलंय त्यांचं. लोक अजून उठून नमस्कार करतात. बघ बाई काय ते."

मी नवा कागद लिहिला. 'सवेरा हो गया क्या?' असं निरुपद्रवी वाक्य. तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि ठरवलं, दुकानात पोचल्यावर बदलायचा. राजवाड्यामागच्या बोळात एका लाउडस्पीकरवाल्याकडे कॅसेट भरायची होती. ऐन दुपार, दार बंद, आवाज येतो म्हणून पंखाही बंद. पण बंटी भियानं आधीच टाइप करून आणलं होतं आणि बाबा, दिघेकाका, मुन्नालालजी आणि मी पोचताच कागद बाबांच्या हातात दिला. मी पर्स उघडली आणि तशीच उभी राहिले. चार मोठ्या माणसांना 'थांबा' म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं.

बाबांनी खाकरून वाचायला सुरुवात केली. ढोलांचा भाग झाला, घोरणं आलं, केतली आली. मग ते थांबले. चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. टेप फिरत होती.

"हे कुणी लिहिलं?"

"अपनी शुभाने!" दिघेकाका अभिमानानं म्हणाले. "हट के है ना?"

मी कागद पुढे केला. "बाबा, हे बदललंय मी. हे घ्या." त्यांनी तोही वाचला. त्यांच्या कपाळावर हजेरीच्या वहीत खाडाखोड दिसल्यावर पडायची ती आठी पडली.

"दुपारी झोपलेला माणूस सकाळ झाली का विचारतो? कुछ भी." मग ते माझ्याकडे नाही, बंटी भियाकडे वळले. "और ये भोंगेवाला. भोंगे तीन होते थे. पहला उठने का, दूसरा घर से निकलने का, तीसरे पे फाटक बंद. चालू मिल का आदमी नींद से उठता है तो ये नहीं पूछता कि भोंगा हुआ क्या. भोंगा तो होगा ही. वो पूछता है, कौन-सा था? दूसरा हो तो भागो, तीसरा हो तो आधा दिन गया." त्यांनी कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हुआ क्या, ये बंद मिल का आदमी पूछता है."

दुकानात घामाचा आणि कॅसेटच्या प्लास्टिकचा वास होता. मुन्नालालजी आपल्या चपलांकडे बघत होते. बंटी भियाला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं; त्यानं खरोखर कामाचा प्रश्न म्हणून विचारलं, "तो अंकल, अपना राक्षस कौन-सा है? चालू मिल का कि बंद का?"

मला वाटलं, आता बाबा उठून जातील. त्यांनी माझा नवा कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"बंद का. लिखा हुआ सही है. चलाओ टेप."

आणि त्यांनी ते म्हटलं, जसं रोज म्हणत तसं, जरा घाबरून. एकदाच. लाउडस्पीकरवाला म्हणाला, दुसऱ्यांदा घ्यायची गरज नाही.

परत येताना ते माझ्यापुढे चालत होते. बोळ संपला. मग न थांबताच विचारलं, "तो राक्षस चष्मा कुठे ठेवतो?"

"उशीखाली."

"बरं," ते म्हणाले.

चतुर्दशीला दिवेलागणीच्या वेळी झांकी मिलच्या फाटकातून निघाली. फाटकाच्या दोन्ही बाजूंनी आमची सगळी वस्ती उभी होती, बायकांच्या कडेवर मुलं, माणसं धुतलेल्या कपड्यांत. बाबा आपल्या जुन्या खिडकीखाली, पांढऱ्या शर्टात. मी आईच्या मागे, जिथून मला सगळे दिसतील आणि मी कुणाला नाही अशा जागी. ढोल वाजले, राक्षस घोरला, पोरं हसली. पिवळी केतली वाकली, तिच्यातून अगरबत्त्यांचा धूर निघाला. मान उचलली गेली. हात उशीखाली गेला आणि सायकलच्या रिमा लकाकल्या. पाय खाली आला, टायरची चप्पल चाचपू लागला. आणि कर्ण्यातून बाबांचा आवाज सगळ्या रस्त्यावर पसरला, "भोंगा हो गया क्या?"

बघायला आलेले बाहेरचे लोक पोट धरून हसले. आमची वस्ती हसली नाही. तेवढ्यात मागून, सूतखात्यातला कुणीतरी, भरल्या गळ्यानं की थट्टेनं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, ओरडला, "नी हुआ बाबूजी, सो जाओ!" आणि मग सगळेच. म्हातारे, तरणे, बायका. "नी हुआ! सो जाओ!" आईचं वाक्य शेकडो घरांतून आल्यासारखं आलं. मला तोवर वाटत होतं की ही गोष्ट फक्त आमच्या घरात घडते.

मग एकेक मान बाबांकडे वळली. आवाज तर सगळे ओळखत होतेच, आता चष्मा आणि चप्पलही जुळवत होते. मी आईचा पदर धरला. बाबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मनगट वर केलं, घड्याळ पाहिलं आणि खिडकीतल्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "ट्रॉली चार मिनट लेट है. आगे बढ़ाओ!"

ट्रॉली पुढे सरकली. त्या सगळ्या प्रकारात 'आगे' हा शब्द खरा वाटला तो तेवढ्याच वेळी.

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांनी शेरा दिला, कारीगरी उत्तम, संदेश अस्पष्ट. दिघेकाका आठवडाभर उदास होते. चहावाले शेठ तर चिडलेच. बंटी भिया येऊन आईसमोर रडकुंडीला आला, "आंटी, मामाजी बोल रिये हैं, अपनी चाय से तो राक्षस उठा ही नहीं. उठा था, तो पब्लिक ने वापस सुला दिया!" आईनं त्याला कीस वाढला आणि वर चहा दिला, दुसऱ्याच कंपनीचा.

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं सतराच्या पाढ्याशी पोचली. आतल्या खोलीत मी पुस्तक उघडून बसले होते, वाचत नव्हते. बाबांची मान उचलली गेली. हात उशीखाली गेला, चष्मा मिळाला. पाय खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तसेच बसून राहिले. पाढ्यांच्या मधून सवयीनं आईचा आवाज आला, "नाही झाला, झोपा."

"मी विचारलं कुठे?" बाबा म्हणाले. मग वाकून, पलंगाखाली हात घालून त्यांनी दुसरी चप्पल ओढली आणि ती पायात घातली. "मुन्नालाल आज राक्षस खोलतोय. एकट्याला जमणार नाही." आणि ते बाहेर पडले.

त्या दुसऱ्या चपलेसाठी मुन्नालालजींकडे चौथी मोटर नव्हती. मीही ती मागितली नव्हती.